ग्रंथपालांनी संगणक आवरला

निवृत्त ग्रंथपालांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: जागेवर असलेल्या आणि नसलेल्या. चाळीस हजार पुस्तकं ज्यानं नुसत्या नजरेनं शिस्तीत ठेवली, त्याला बायकोच्या संगणकाचं काय कौतुक! बायको दाताच्या डॉक्टरांकडे गेली तशी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दहा मिनिटांत डेस्कटॉप लख्ख केला. 'नवीन दस्तऐवज २' वगैरे बेवारशी नावांच्या फाइली कचरापेटीत टाकल्या. मग कचरापेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम त्यांना खपत नसे.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, मला थोडा उशीर होईल. संगणक चालू राहू द्या. बारापर्यंत प्रकाशकांना अनुवाद पाठवायचाय."

"कुठली गं फाइल?"

"समोरच आहे की. नवीन दस्तऐवज दोन. नाव द्यायला सवडच झाली नाही."

ग्रंथपालांच्या पायाखालची जमीन सरकली. आठ महिने बायको त्या कादंबरीच्या अनुवादापुढे मान मोडून बसली होती! घड्याळात अकरा वाजत होते. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, पुन्हा आवरलंत?"

'पुन्हा' त्यांना झोंबलं, पण वाद घालायची ही वेळ नव्हती.

"एखादी प्रत राहिली असेल," मुलगी म्हणाली. "लपवलेले फोल्डर दिसतील असं करा. सिस्टीमच्या कशालाही हात लावू नका. आणि आईचं काही दिसलंच तर..." ती घुटमळली. "जाऊ दे. बघा तुम्हीच."

त्यांनी सांगितलं तसं केलं आणि आ वासून बसले. जिकडेतिकडे फिकट, अर्धमेले फोल्डर उगवले होते. आपल्या घराच्या माळ्यावर चढावं आणि तिथे अनोळखी कुटुंब जेवायला बसलेलं दिसावं, तसं त्यांना झालं. ते एकात शिरले, दुसऱ्यात गेले, तिसऱ्यातून कसेबसे परतले. शेवटी 'प्रिंटर' नावाच्या फोल्डरच्या पोटात मराठी अक्षरं दिसली: 'ह्यांना दाखवायचं नाही'.

पस्तीस वर्षांचा संसार, आणि हे? उघडावं की नाही, या विचारात पाच मिनिटं गेली. मग डोळे मिटून त्यांनी टिचकी मारली.

आत दोनशेच्या वर फाइली होत्या. 'ह्यांनी आवरण्याआधी, सोमवार.' 'ह्यांनी आवरण्याआधी, पाहुणे येणार म्हणून.' 'ह्यांनी आवरण्याआधी, निवृत्तीचा पहिला दिवस.' तीन वर्षं ही बाई त्यांच्यापासून आपलं काम वाचवत होती, आणि मुलीलाही ते माहीत होतं! सगळ्यात खालची फाइल त्याच सकाळची निघाली. त्यांनी ती उघडली. तीनशे बारा पानं, शेवटच्या ओळीसकट. ग्रंथपालांना आनंद झाला आणि रडूही आलं. यातलं कुठलं किती, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

फाइल डेस्कटॉपवर उतरवून, लपवलेलं पुन्हा लपवून ते वर्तमानपत्र घेऊन बसले. पावणेबाराला बायको आली. गालावर हात, एक बाजू सुन्न.

"मी कशालाही हात लावलेला नाही," ग्रंथपाल न विचारताच म्हणाले.

बायको संगणकासमोर बसली. लख्ख डेस्कटॉपच्या मधोमध एकच फाइल होती: 'ह्यांनी आवरण्याआधी, आज सकाळी सात'.

तिनं ती प्रकाशकांना पाठवली आणि वळून बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. बोलली मात्र काहीच नाही. दाढ सुन्न आहे म्हणून बोलत नसेल, अशी ग्रंथपालांनी स्वतःची समजूत घातली.