चार नंबरची अळंबी

डोळ्यांना फसवता येतं, डीएनएला नाही! हे वाक्य मी त्या रविवारी स्वयंपाकघरात उभं राहून बाबांना ऐकवलं, वर बोटही नाचवलं. अळंब्यांच्या जाती डीएनएवरून ओळखणं हा माझा पेशा. बाबा मात्र चाळीस वर्षं रानातून टोपली भरून आणत आणि नुसतं हुंगून, देठ मोडून जात ठरवत.

त्या दिवशी टोपलीत बारा निघाल्या. अकरा त्यांनी चिरायला घेतल्या. बारावी बाजूला ठेवली.

“ही मारकी, विषारी. देठाच्या पायाशी पिशवी बघ.”

“बाबा, हा अंदाज झाला. पुरावा कुठाय?”

“मी जिवंत आहे ना? मग!”

मी इरेला पेटले. प्रत्येकीचा एकेक कण बारा कुप्यांत घातला, झाकणांवर नंबर टाकले. पुढे प्रयोगशाळेत कणातला डीएनए काढायचा, त्याचा एक तुकडा अक्षर अक्षर वाचायचा, नोंदलेल्या जातींशी ताडून पाहायचा, की नाव हजर! निकाल थेट बाबांच्या फोनवर जाईल अशी सोय केली. त्यांची जिरवायचीच होती.

मग आई, आत्या, बाबा आणि मी अकराही अळंब्या चाटूनपुसून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालता घालता बाबा गेले. हृदय, डॉक्टर म्हणाले. जुनंच दुखणं.

आठ दिवसांनी टेबलावर त्यांचा फोन वाजला. आत्याने उचलला, वाचला आणि किंचाळली.

“चार नंबर जहाल विषारी! बारा नंबर खाण्याजोगी! अगं, दादाने खायची ती फेकली आणि मारायची ती आपल्याला वाढली!”

“आत्या, थांब…”

थांबते कसली! पोट धरून ती दवाखान्याकडे सुटली, मागोमाग मी.

“डॉक्टर, मी विष खाल्लंय!”

“कधी?”

“नऊ दिवसांपूर्वी!”

“ती अळंबी खाल्ली असतीत तर एव्हाना इथे चालत आला नसतात.”

“म्हणजे मला उचलून आणावं लागलं असतं?”

“इथे नाही,” डॉक्टर म्हणाले.

आत्याने पोटावरचा हात काढला. पण वाटेत तिने जे सांगायचं ते सगळ्यांना सांगून झालं होतं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला बाबांनी विष घातलेलं. शेजारच्या काकांचं टक्कलसुद्धा त्यांनी चार वर्षांपूर्वी दिलेल्या अळंब्यांच्या खाती जमा झालं.

आई एवढंच म्हणाली, “त्यांचं कधी चुकलं नव्हतं गं.” आणि भांडी पुसत राहिली. एकच ताटली, कितीतरी वेळ.

खरं तर प्रश्न सोपा होता. चार नंबर आम्ही चौघांनी खाल्ली होती आणि तिघी ठणठणीत होतो. म्हणजे एक तर यंत्र चुकलं, नाहीतर मी. यंत्राला वडील नसतात, ते वाद घालत नाही. मी त्या दिवशी वाद घालता घालता बाराही कुप्यांची झाकणं एकदम उघडली होती, कण टिकवायचं औषध घातलं होतं आणि बाबांकडे बघत, तावातावाने, ती परत लावली होती. चारचं झाकण बाराच्या कुपीवर गेलं असणार, बाराचं चारच्या. नंबर झाकणावर लिहू नका, कुपीवर लिहा! हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

बाबा प्रत्येक अळंबीची चकती सुकवून पाकिटात ठेवत. फडताळात ती बाराही सापडली. वर पेन्सिलीने माझेच नंबर. ‘चार. उत्तम.’ ‘बारा. मारकी. पोरीला पुरावा हवा.’

पुन्हा सगळं केलं. या वेळी कुपीवर लिहून. बारापैकी बारा बाबांचं बरोबर!

घरी येऊन कागद आईसमोर ठेवला.

“मला काय दाखवतेस?” ती म्हणाली. “त्यांना सांग.”

मी खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. घसा साफ केला. “बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.”

“जरा मोठ्याने बोल,” मागून आत्या म्हणाली. “दादाला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं.”

मग मी ओरडलेच. शेजारच्या काकांनी खाडकन खिडकी उघडली.

“काय झालं? कोणाचं चुकलं?”

“माझं!” मी म्हटलं. “बाबांचं बरोबर होतं!”