पडताळणीच्या वेळी घरी असणे

आमच्या शहरात माणूस राहतो की नाही, हे पोलीस ठरवतात. बाहेरून कुणी राहायला आलं की नगरपालिकेत नाव देतं. मग त्या भागाचा पोलीस एक दिवस न कळवता दारावर जातो आणि तो माणूस खरोखर तिथे राहतो का, ते बघतो. घंटीवर नाव हवं, पत्रपेटीवर नाव हवं आणि घरात माणूस हवा. म्यूज नदीच्या डाव्या काठावरच्या अकरा गल्ल्यांत हे काम गेली एकवीस वर्षं मी करतो आहे. माझं नाव देतिए. माझ्या सहीशिवाय या गल्ल्यांत कुणीही राहत नाही.

सप्टेंबरात घरमालकीण लाँबोतबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ब्लाँदीन म्बार्गा नावाची मुलगी आली. कॅमेरूनची, औषधनिर्माणशास्त्र शिकायला आलेली. तीन फेऱ्यांत एकदा तरी ती मला घरी सापडली तर तिला निवासाचं कार्ड मिळणार होतं. नाही सापडली तर फाइल बंद, आणि व्हिसा संपला की शिक्षण अर्धवट टाकून परत. इतकं सोपं आहे ते.

पहिल्या फेरीला मी मंगळवारी सकाळी अकराला गेलो. दार बंद. लाँबोतबाई जिन्यातूनच ओरडल्या, "अहो देतिए, ती कॉलेजात आहे! विद्यार्थिनी आहे ना ती!"

"ते विद्यापीठाने बघायचं," मी म्हणालो. "ती राहते की नाही, एवढंच मी बघतो."

"मग संध्याकाळी या की."

"संध्याकाळी मी माझ्या घरी राहतो."

दुसऱ्या फेरीला दारावर चिठ्ठी होती : 'कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली गेले आहे. सात मिनिटांत येते. मी इथेच राहते.' मी पाच मिनिटं थांबलो. एकवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, जो खरोखर राहतो तो 'मी इथेच राहते' असं दारावर लिहून ठेवत नाही. मी घरी अशी चिठ्ठी कधी लावलेली नाही. शेरा लिहिला : 'संशयास्पद'. जिना उतरताना ती धापा टाकत वर येताना दिसली, पण जिना हा घरात धरला जात नाही.

तिसऱ्या फेरीला मी मुद्दाम वेळ घेतला. घाईने माणसाची चौकशी करू नये. गेलो तो गुरुवारी, पुन्हा अकरालाच. घंटीवरचं बोट उचलायच्या आत दार उघडलं.

"या साहेब, या!" ब्लाँदीन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "कोट राहू द्या अंगात, खोली गारच आहे."

मी रीतसर तपासणी केली. अंथरूण विस्कटलेलं. दात घासायचा ब्रश ओला. शेगडीवर शेंगदाण्याच्या रश्शाचं पातेलं, खाली लागलेलं. खिडकीत तीन पातळ मोज्यांच्या जोड्या वाळत होत्या. एवढं राहणं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. 'राहते' या चौकोनात मी स्वतःच्या हाताने खूण केली. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आमच्या कामात माणसाचं भलं करायला फार कमी मिळतं.

एकच रकाना उरला होता. 'पडताळणीच्या वेळी संबंधित व्यक्ती काय करत होती?'

"तुमची वाट बघत होते," ती हसून म्हणाली.

"कधीपासून?"

"आज एकोणिसावा दिवस."

"आणि वर्ग?"

तिचं हसू गेलं. मी प्रामाणिक माणूस आहे. लिहिलं : 'संबंधित व्यक्ती एकोणीस दिवस वर्गात गेलेली नाही.'

"अहो, तुमच्यासाठीच बसली होती ना ती!" माझ्यामागून जिना चढून आलेल्या लाँबोतबाईंनी माझी बाहीच धरली. "लिहा तसं!"

"बाई, पोलिसाची वाट बघणं हा शिक्षणाचा भाग आहे, असं विद्यापीठ लिहून देणार असेल तर लिहितो."

अहवाल परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेला. तिथली माणसं काटेकोर. त्यांनी ब्लाँदीन इथे राहते हे मान्य केलं, पण शिकत नाही म्हणून तिचं इथे राहण्याचं कारणच संपलं, असा निर्णय दिला. तीस दिवसांत देश सोडायची नोटीस निघाली. ती तिच्या हातात द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

तिच्या घरी गेलो तर दार बंद. "वर्गात गेलीय," लाँबोतबाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून एक तास चुकवलेला नाही पोरीने. बघा, आता काय करता ते."

मी विद्यापीठात गेलो. मोठ्या सभागृहात दोनशे मुलं होती आणि ती पहिल्याच बाकावर, शेजारणीच्या वहीतून राहिलेलं उतरवून घेत होती. मी टोपी काढली, प्राध्यापकांची क्षमा मागितली आणि नोटीस तिच्या हातात दिली.

तिने ती दोनदा वाचली. "साहेब, कारण काय दिलंय, वाचलंत?"

"मी फक्त पोचवतो."

"मग मोठ्याने वाचा. यांनाही ऐकू दे."

मी वाचलं. "संबंधित व्यक्ती वर्गात उपस्थित राहत नाही." मागच्या बाकांवर हसू फुटलं. पोचपावतीवर 'कुठे दिली' या रकान्यात मी 'वर्गात' असं लिहिलं. प्राध्यापकांनी साक्षीदार म्हणून सही केली, पेन परत मागितलं आणि शिकवणं पुढे सुरू केलं. दोनशे माना खाली गेल्या. ब्लाँदीनही लिहू लागली. मला फार वाईट वाटलं. हे इथे सांगतो, कारण अहवालात सांगता येत नाही.

पण आमची व्यवस्था निर्दय आहे, असं कुणी समजू नये. नोटिशीच्या मागच्या पानावर स्पष्ट छापलं आहे : संबंधित व्यक्तीला वर्गात पाहिलेल्या कुणीही तसं एका ओळीत लिहून दिलं, तर निर्णयाचा फेरविचार होईल. त्या दिवशी दोनशे मुलांनी तिला पाहिलं. प्राध्यापकांनी पाहिलं. मीही पाहिलं, पण कार्यालयाने विचारल्याशिवाय मला लिहिता येत नाही. आजवर एकही कागद आलेला नाही.

वाचकहो, पहिल्या बाकावर तुम्हीही तिला आत्ताच पाहिलंत. हसलातसुद्धा. मुदत संपायला अजून चार दिवस आहेत, आणि कार्यालय सकाळी नऊ ते बारा उघडं असतं.