तिसऱ्या वेळचा हूक

वायरमनला स्वतःच्या डोक्याचा भारी अभिमान होता. "ताई, तू निर्धास्त राहा! आठ दिवसांत दाजी सेफ्टी बेल्ट लावून झोपायला लागतील!" असं त्याने बहिणीला छातीठोकपणे सांगून टाकलं.

दाजी म्हणजे तिचा नवरा. नवव्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला प्लास्टर करायचे. बेल्ट कमरेला बांधायचे, पण त्याचा हूक परांचीच्या पाइपाला न लावता स्वतःच्याच खिशात! खालून साहेबांना बेल्ट दिसला म्हणजे झालं. "वीस वर्षं पडलो नाही, आता काय पडणार?" ताईने रडून पाहिलं, अबोला धरला, मुलांची शपथ घातली. दाजी ढिम्म!

म्हणून त्याच इमारतीत काम करणाऱ्या वायरमनने एक भूत तयार केलं. "गेल्या वर्षी याच बाजूने एक सुतार पडला. हूक खिशातच सापडला! धुकं पडलं की येतो म्हणे, आणि दुसऱ्यांचे हूक लावत फिरतो," अशी पुडी त्याने चहाच्या वेळी दाजींसकट सगळ्यांपुढे सोडली. सुतार सगळा त्याच्या मनातला. पण प्लंबरचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

दोनच दिवसांनी असं धुकं पडलं की सहाव्या मजल्यानंतर इमारतीचा पत्ताच नव्हता. वारा नव्हता, तरी परांचीवरची हिरवी जाळी हळूच फुगायची आणि बसायची. जणू कुणी श्वास घेतंय. वायरमन हातमोजा चढवून आतल्या खोलीत खिडकीखाली दबा धरून बसला. दाजींची थापी थांबली. वायरमनने खिडकीतून हात बाहेर काढला, त्यांच्या खिशातला हूक उचलला, पाइपाला खट्!

"कोण आहे रे?"

वायरमन खिडकीखाली आणखी दबला. दाजींनी पुटपुटत हूक काढून खिशात टाकला. थोड्या वेळाने पुन्हा खट्! या वेळी दाजी एक शब्दही बोलले नाहीत. हूक मुकाट्याने खिशात गेला.

'टरकले!' वायरमन मनात नाचला. आणखी एकदा केलं की काम फत्ते! तेवढ्यात टेप आणू म्हणून तो खाली उतरला आणि सेफ्टीवाल्या साहेबांच्या तावडीत सापडला.

"हेल्मेट कुठंय?"

"वर राहिलं, साहेब."

"डोकंही वरच ठेवून आलास का?"

साहेबांनी दहा मिनिटं झाडलं. मग वर काहीतरी कडाडलं. धुक्यातून परांचीची एक फळी आली आणि वाळूच्या ढिगावर आपटली. तिच्यामागून कुणी आलं नाही. ओरडणंही नाही.

वायरमन जिने चढत सुटला. हूक तर दाजींच्या खिशात! ताईला कुठल्या तोंडाने सांगू? नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत तो रडायला लागला होता.

दाजी हवेत लोंबकळत होते. बेल्ट ताणलेला, हूक पाइपाला घट्ट. प्लंबरच्या मदतीने त्याने त्यांना खिडकीतून आत ओढलं. दाजी भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी मेहुण्याला कवटाळलं.

"तुझ्यामुळे वाचलो, लेका! पहिल्यांदाच हातमोजा ओळखला होता मी. म्हटलं, करू दे नाटक. तिसऱ्यांदा लावलास तेव्हाही काढणार होतो. पण म्हटलं, पोरगा एवढा जीव तोडतोय, राहू दे!"

"तिसऱ्यांदा?"

"आत्ता रे, फळी मोडायच्या आधी! दोनदा ओढूनसुद्धा बघितलास, बसलाय का ते. पण हातमोजा का काढलास? हात केवढा गार पडला होता तुझा!"

वायरमनने प्लंबरकडे पाहिलं. प्लंबर तिसऱ्या मजल्यावरून त्याच्याबरोबरच धावत आला होता. बाहेर जाळी फुगली आणि बसली.

"हो... काढला," वायरमन म्हणाला.

ताईने भावाचं तोंड भरून कौतुक केलं. दाजी आता न चुकता हूक लावतात. वायरमन मात्र त्यांच्याही पुढे गेलाय. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत बसून काम करतानाही तो बेल्ट लावतो, हूक खिडकीच्या गजाला अडकवतो आणि तो दोनदा ओढून बघतो. स्वतःच! दुसऱ्या कुणाला त्रास नको!