थडग्यावरची जाई

दाताच्या डॉक्टरने हेडमास्तरांच्या खालच्या दाढेला मशीन लावलं आणि त्याच क्षणी बाहेर बसलेल्या पेशंटना अशी एक डरकाळी ऐकू आली, की गाल सुजलेल्या काकांचा हात आपोआप गालावरून छातीवर गेला.

आवाज माणसाचाच होता, पण तो माणूस अजून शाबूत असावा असं वाटत नव्हतं.

झालं होतं एवढंच. काउंटरवरच्या मुलीने त्या दिवशीच एक नवा स्पीकर आणून आतल्या खोलीच्या दारावर बसवला होता. बासरी लावायची, पेशंट निवांत बसतील, असा तिचा बेत. तो डॉक्टरच्या फोनला जोडून ती वरच्या मजल्यावर चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेली. डॉक्टरचा फोन ॲप्रनच्या खिशात होता. जेवणाच्या सुट्टीत ऐकत असलेलं गाणं खिशातल्या खिशात दाबलं गेलं आणि सुरू झालं. आत मशीनच्या घरघरीत डॉक्टरला त्याचा पत्ताच नाही.

"आत हेडमास्तर आहेत ना?" काकांनी विचारलं.

"तेच आहेत," कवळी बसवून घ्यायला आलेल्या मावशी म्हणाल्या. "मघाशी किती सभ्य बोलत होते हो."

"भूल दिली नसेल."

"भूल नाही दिली तर माणूस 'आई गं' म्हणतो. हे म्हणजे दात सोडून भलतंच काहीतरी उपटतायत."

कोपऱ्यातला एक तरुण उठला, आपले दात तसे ठणठणीत आहेत असं कुणालाच उद्देशून म्हणाला आणि जिना उतरला. मावशी मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी दार धडाधडा वाजवलं.

दार उघडलं. तोंडाला मास्क, हातात लालसर झालेले मोजे, असा डॉक्टर समोर उभा. त्याच्या मागून, आपण सुखरूप आहोत हे दाखवायला, हेडमास्तर स्वतः पुढे आले. त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"मी थीक आये," हेडमास्तर म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"मारतायत म्हणतात," काकांनी उलगडा केला.

तेवढ्यात पुन्हा डरकाळी आली. आणि हेडमास्तरांचं तोंड तर सगळ्यांच्या समोर बंद होतं.

"मग आत कोण ओरडतंय?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरने वर स्पीकरकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या डोळ्यांत असं काही आलं, की जणू स्टेशनवर अचानक ओळखीचं माणूस दिसावं.

"ती माझी बायको आहे," तो म्हणाला.

हे शंभर टक्के खरं होतं. पण खरं बोलताना कुठे थांबावं हे त्याला कधीच कळलं नव्हतं. "घाबरू नका," त्याने पुढे जोडलं, "मी आत्ता बंद करतो तिला."

मावशींनी पोलिसांना फोन लावला.

कॉलेजात असताना चौघांचा एक बँड होता. त्यात डॉक्टर आणि त्याची बायको, ही दोघं गायची. तिला हवं होतं डेथ मेटल. ड्रम असे, की फरशा उखडाव्यात, आणि गळा विहिरीच्या तळातून यावा तसा. एवढीशी पोरगी, पण तोंड उघडलं की पुढच्या रांगेतले मागच्या रांगेत जायचे. त्याला हवं होतं गॉथिक. संथ चाल, ऑर्गन, धुकं, आणि कधीच न येणाऱ्या कुणाची तरी वाट बघणारा पुरुष. दोघं त्यावरून कडाकडा भांडली आणि शेवटी दोन्ही एकाच अल्बममध्ये घातलं. प्रत्येक गाणं तिच्यापासून सुरू व्हायचं आणि त्याच्यापाशी संपायचं. नाव ठेवलं 'थडग्यावरची जाई'. डेथवाले म्हणाले, शेवटी अंगाई कशाला? गॉथिकवाले म्हणाले, सुरुवातीला कत्तल कशाला? अल्बम नातेवाइकांनी विकत घेतला आणि लपवून ठेवला.

मग लग्न झालं. बाळ झोपलंय म्हणून ती हळू बोलू लागली. मग सासूबाईंची दुपारची झोप. मग वरच्या मजल्यावर तिने काढलेलं चष्म्याचं दुकान, तिथली गिऱ्हाइकं. आवाज उतरत उतरत इतका खाली गेला, की आता ती भांडायचीसुद्धा कुजबुजत. आणि कुजबुजत भांडणाऱ्या बाईपुढे कुठला नवरा टिकणार!

डॉक्टर घाईघाईने फोन काढायला गेला. ओल्या मोज्यांतून तो निसटला आणि पेशंटच्या अवजड खुर्चीखाली सरपटत गेला. डॉक्टर जमिनीवर पालथा पडून हात घालत असतानाच समोरच्या चौकातला हवालदार वर आला. नेमकं तेव्हाच गाणं संथ झालं. ऑर्गन वाजू लागला.

"आता हा पुरुष कोण रडतोय?" हवालदाराने विचारलं.

"तो मी," खुर्चीखालून उत्तर आलं.

गोंगाट ऐकून काउंटरवरची मुलगी धावत खाली आली. तिच्यामागून डॉक्टरची बायको, हातात चष्मा पुसायचं फडकं.

"ह्या आमच्या मॅडम," मुलगी म्हणाली.

"ताई, घाबरू नका," हवालदार म्हणाला. "काय असेल ते मोकळेपणी सांगा."

ती काहीतरी म्हणाली. हवालदाराला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "वर दुकानात होते, म्हणतायत," त्याने सगळ्यांना सांगितलं. मग दारावरच्या स्पीकरकडे बोट केलं. पुढचं गाणं सुरू झालं होतं. "आणि हा आवाज तुमचा? जरा काढून दाखवा बरं."

तिने मान हलवली. "आता नाही येत. गेला तो."

डॉक्टर फोन हातात घेऊन उठला होता. त्याने बंद करायचं बटण दाबलंच नाही. हवालदाराने एकदा हेडमास्तरांना, एकदा बाईंना नीट न्याहाळलं, दोघंही जिवंत आहेत अशी खात्री करून घेतली आणि तो गेला.

"अजून ठेवलंयस?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"रोज ऐकतो. जेवताना."

"स्वतःचं रडगाणं?"

"माझा भाग आला की बंद करतो."

ती फडक्याची घडी घालत राहिली. काचा सगळ्या वर दुकानात होत्या, पुसण्यासारखं इथे काहीच नव्हतं. "रोज घरात असतेच की मी," ती शेवटी म्हणाली.

"ती नाही असत," तो स्पीकरकडे बघत म्हणाला आणि आत गेला.

हेडमास्तर पुन्हा खुर्चीत बसले. बाहेर काकांनी फर्माईश केली, "राहू द्या चालू, माझा ठणका थांबलाय." बायको दुकानात न जाता मावशींशेजारी टेकली. गाणी एकामागून एक येत राहिली. एक संपून दुसरं लागायच्या मधल्या शांततेत एक लांबलचक, थरकाप उडवणारी किंकाळी घुमली.

"वा!" मावशींनी मांडीवर थाप मारली. "हे सगळ्यात झकास!"

"हे मी नाही," बायको पुटपुटली. कुणालाच ऐकू गेलं नाही. मशीन चालूच होतं. हेडमास्तरांची भूल उतरली होती. ती उठली, दाराशी गेली. "अरे, त्यांना दुखतंय," ती म्हणाली. आत डॉक्टरलाही ती किंकाळी गाण्यातलीच वाटली असावी, मशीन थांबेना. तिने दार ठोठावलं, पण कडी आतून होती. दुसरी किंकाळी आली. काकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिने पाय रोवले, पोटातून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"थांऽऽऽब!"

खिडकीची तावदानं थरथरली. काकांचा हात पुन्हा छातीवर गेला. आत मशीन बंद झालं. हेडमास्तर दाढेसकट सगळं दुखणं विसरून गप्प झाले.

डॉक्टरने मास्क खाली ओढला, बंद दाराकडे बघितलं आणि अगदी नरम आवाजात विचारलं,

"काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."