कान दोन, पोचले

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत पॉडकास्ट ऐकणाऱ्याला पावती मिळते. तीसुद्धा गणेशोत्सव मंडळाच्या उरलेल्या पावतीपुस्तकातली. 'रक्कम रुपये' या शब्दांवर आडवी रेघ आणि पुढे वळणदार अक्षरात: कान दोन.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्यांना 'कान एक' अशी पावती मिळाली. आजी भडकल्या. तातू शांतपणे म्हणाले, "पुस्तक तपासलं जातं, आजी." ते कोण तपासतं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

तातू म्हणजे दत्ताराम गावडे. छापखान्यातून निवृत्त, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि बावीस वर्षं मंडळाचे चिटणीस. माझ्या मुलीने त्यांना एकदा पॉडकास्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळं ऐकून तातू म्हणाले, "म्हणजे लाउडस्पीकरच, पण शेजारच्याला त्रास नाही." आणि त्याच आठवड्यात 'खोली नंबर' सुरू झाला. दर भागात चाळीतली एक खोली, तिच्यात कोण राहिलं, कोण गेलं, कुणाचं लग्न जिन्यात जमलं.

तातूंचा स्वतःचा फोन बटणांचा. त्यामुळे रेकॉर्डिंग माझ्या फोनवर, शनिवारी दुपारी, अंगावर गोधडी घेऊन. गोधडीने आवाज घुमत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी झाली की तातू थांबत नसत. गोधडीतूनच निवेदन येई, "ही शिट्टी खोली एकोणीसची. आज वाटाणे आहेत."

श्रोते वाढवायची त्यांची पद्धत वर्गणीची होती. दार वाजवायचं, चप्पल बाहेर काढायची, फोन मागून घ्यायचा, बटण दाबून घ्यायचं, पावती फाडायची. नाही म्हणणाऱ्याला एकच उत्तर, "बरं, उद्या येतो." आणि उद्या येत. एवढं करून श्रोते एकोणीस. त्यात चार जण पावती छान दिसते म्हणून.

आकडे मीच त्यांना दाखवायचो. कुठल्या गावात किती जणांनी ऐकलं, तेही फोनवर दिसतं. तातूंना बाकी आकड्यांत रस नव्हता. ते दर रविवारी गावांची यादी मागत आणि चष्मा वर करून म्हणत, "आणि वडोदरा?"

वडोदऱ्याला त्यांचा धाकटा भाऊ असतो, वसंता. बारा वर्षांपूर्वी उत्सवात तो गायला उभा राहिला. गळा बरा होता, पण त्या दिवशी सूर लागेना. चिटणीस म्हणून तातूंच्या हातात दुसरा माइक होता. त्यांनी त्याच्यावरून सगळ्यांसमोर सांगितलं, "वसंत, खाली बस." चाळ हसली. मीही हसलो, चांगला मोठ्याने. महिन्याभरात वसंताने वडोदऱ्याची नोकरी धरली आणि मग ना फोन, ना पत्र. तातूंकडे त्याचा पत्ता होता. पण त्याचा राग गेल्याचं काहीतरी कळल्याशिवाय त्याच्या दारात जायचं नाही, असं ते म्हणत.

आता माझं. मी फारसा बोलणारा माणूस नाही. घरात म्हणतात, ह्याच्या तोंडाला कुलूप आहे. पण हे सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आमची कंपनी पाण्याचे पंप विकते. त्या कामासाठी मी वडोदऱ्याला गेलो होतो. भाग नीट चढलाय का हे बघायला मी तिथेच, लॉजवर, तो लावून पाहिला. रविवारी यादीत आलं: वडोदरा, एक.

तातूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी पावतीपुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि लिहिलं: श्री. वसंत गावडे, कान दोन. पावती फाडून खिशात ठेवली. मी चहा पिऊन घरी आलो.

पुढच्या रविवारी वडोदरा शून्य. तातू त्या दिवशी जेवले नाहीत, असं शेजारणीने सांगितलं. मी तिथल्या आमच्या ऑफिसातल्या पटेलभाईंना फोन केला, दर शनिवारी एवढं एक बटण दाबत जा म्हणून. भल्या माणसाने का ते विचारलंही नाही.

आणि इथून तातूंचा पॉडकास्ट बदलला. आधी ते "तमाम रहिवासी बंधू-भगिनींनो" असं सभेसारखं बोलत. आता गोधडीतून गावच्या बोलीत हळू आवाज यायचा, "वसंता, आयकतंस मा?" आणि मग आईने केलेल्या घावण्यांपासून ते दोघांनी मिळून फोडलेल्या काचेपर्यंत सगळं, जसं आठवेल तसं. लोक ऐकायला लागले. विरार, डोंबिवली, कणकवली, कुठकुठून. श्रोते एकोणिसाचे एकशे चाळीस झाले. तातूंचं पावतीपुस्तक संपलं. मंडळाने नवीन दिलं, आणि माझी झोप गेली.

अकरा आठवड्यांनी तातू माझ्या दारात. हातात वडोदऱ्याचं तिकीट, परवाचं.

"दर शनवारी ऐकतो म्हणजे राग गेला ना रे सुधीर?"

मग मी सांगितलं. लॉज, पटेलभाई, सगळं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा चहावर भागलं असतं.

तातूंनी विचारलं, "ह्या पटेलला मराठी येतं?"

"नाही."

"आणि अकरा भाग ऐकले?"

"बटण दाबून ठेवत असतील, तातू."

"तरी." त्यांनी पुस्तक उघडलं. श्री. पटेलभाई, कान दोन. पावती माझ्या हातात दिली, पोचती कर म्हणाले.

तिकिटाचं काय, रद्द करू का, असं मी विचारलं. तातूंनी खिशातली वसंताची पावती काढून बघितली. घडीवर ती फाटायला आली होती.

"फाडलेली पावती घरात ठेवत नाहीत, ज्याची त्याला नेऊन देतात. बावीस वर्षं तेच केलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि इतके दिवस मी त्याच्याशी माइकवरूनच बोललो रे. तेव्हाही, आताही."

त्या शनिवारी 'खोली नंबर'चा भाग आला नाही. रविवारी सवयीने मी यादी उघडली. जुन्याच एका भागासमोर, घावण्यांच्या, लिहिलं होतं: वडोदरा, दोन.

पटेलभाईंना पावती पाठवताना मी बटण दाबू नका म्हणून कळवलं होतं. फोन केला तर ते म्हणाले, पावती मिळाल्यावर कसं बंद करणार. म्हणजे त्यातले एक ते.

दुसऱ्याबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही.