मागचे दिवे

गाडी चालवणं आणि बाळ झोपवणं, या दोन गोष्टी मला उपजत येतात, असं मी निघताना सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. मला स्वतःला मूल नाही, त्यामुळे या विषयात माझा आत्मविश्वास दांडगा आहे.

बाळ माझ्या मैत्रिणीचं. टेगन आणि तिचा नवरा ब्रोडी हे माझे कॉलेजपासूनचे दोस्त, आणि विल्फ त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा. दिसायला गोंडस, पण झोपेशी त्याचं हाडवैर! टेगनचा चेहरा बघवत नव्हता. एकदा तिनं मोबाइल फ्रिजमध्ये ठेवला आणि लोणी पर्समध्ये घालून बाजारात गेली. परवा फोनवर बोलता बोलता रडायला लागली, ती थांबेचना. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं ब्रॉन, टोस्ट खाली पडला."

तेव्हा मी ठरवलं, पोरीला झोप मिळालीच पाहिजे. किनाऱ्याकिनाऱ्यानं चार दिवस भटकायचं. गाडी हलली की बाळ झोपतं, बाळ झोपलं की आई झोपते. इतका सोपा हिशेब या दोघांना सुचला कसा नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

गाडी ब्रोडीची. म्हणजे जुनी शववाहिका. आमच्याकडे सर्फिंगच्या फळ्या घेऊन लाटांवर जाणाऱ्या मंडळींना यात काही वावगं वाटत नाही. लांबच लांब गाडी, पडत्या भावात, आणि आधीच्या एकाही प्रवाशानं पाय आपटून काही मोडलेलं नाही. ब्रोडीनं मध्ये एक सीट पक्की बसवून घेतली होती आणि मागे, पूर्वी शवपेटी ठेवायचे तिथे, गादी टाकली होती. इतकी वर्षं या गाडीतून हिंडल्यावर ती मूळची कशाची, हे आम्ही विसरूनही गेलो होतो.

पहिला दिवस विल्फनं रडून काढला. माझा हिशेब आठवून ब्रोडी अधूनमधून माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरून धुकं आलं. कुंपणं गेली, मेंढ्या गेल्या, समुद्र तर नुसता ऐकूच येत होता. मी दिवे लावले आणि गाडी अगदी रांगत नेऊ लागले. आणि काय सांगू, विल्फ झोपला. पाठोपाठ टेगनचीही मान कलली. तोंड उघडं, हात बाळाच्या पायावर.

"थांबू नकोस," ब्रोडी कुजबुजला. "काही झालं तरी थांबू नकोस. थांबलीस की हा उठणार, आणि हा उठला की ती उठणार."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले.

एक लहानसं गाव लागलं. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चर्चच्या कोपऱ्यावर वळले आणि आरशात दोन दिवे दिसले. थोड्या वेळानं चार. गाव मागे पडलं तेव्हा आमच्या मागे दिव्यांची माळच लागली होती.

"पुढे जाऊ दे त्यांना," ब्रोडी म्हणाला.

मी गाडी डावीकडे घेतली. कोणी पुढे गेलं नाही. मी वेग कमी केला, त्यांनीही केला. जरा वाढवला, त्यांनीही वाढवला. हॉर्न नाही, काही नाही. नुसते दिवे.

समोरून एक ट्रक आला. आमच्या भागात समोरच्याला बघून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची रीत आहे. ओळख असो नसो, बोट उचललं जातंच. मी उचललं. ट्रकवाल्यानं उचललं नाही. त्यानं ट्रक गवतात घेतला, बंद केला आणि मान खाली घालून बसला.

पुढची गाडीही तशीच थांबली. मग कुंपणापाशी एक माणूस दिसला, हातात तारेचं भेंडोळं. आम्ही जवळ येताच त्यानं भेंडोळं खाली ठेवलं, टोपी काढून छातीशी धरली आणि गाडी जाईपर्यंत तसाच उभा राहिला. त्याचा कुत्राही भुंकला नाही.

"ब्रॉन," ब्रोडीचा आवाज फाटला होता, "आपण मेलोबिलो तर नाही ना?"

"गप रे."

"नाही म्हणजे, तो विल्फ एवढा झोपलाय. कधी झोपतो का तो एवढा?"

खरं सांगते, मी हात मागे नेऊन विल्फचं पाऊल चाचपलं. गरम होतं. मग टेगनच्या गुडघ्याला हात लावला, आणि शेवटी, कोणाला सांगू नका, स्वतःला चिमटा काढला.

मागचे लोक कोण आहेत कळेना. थांबून विचारावं, तर बाळ उठणार. मी एका फाट्याला वळले. सगळे दिवे माझ्यामागे वळले. तो रस्ता समुद्रावरच्या एका रिकाम्या मैदानात जाऊन संपला. तिथून पुढे फक्त कडा होता. थांबायचं तर नव्हतं, म्हणून मी मैदानात गोल फिरू लागले. मागच्या गाड्याही गोल फिरू लागल्या. दुसऱ्या फेरीला तर माझ्या पुढेही गाडी दिसायला लागली, आणि कोण कोणाच्या मागे आहे हे कोणालाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात एका गाडीतून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी उतरली आणि माझ्या खिडकीशेजारून चालू लागली. ब्रोडीनं डोळे मिटून घेतले. मी काच खाली केली.

"थांबता येणार नाही का?" तिनं शांतपणे विचारलं.

"बाळ उठेल हो."

तिनं चालता चालता मागे डोकावून पाहिलं. "मर्व कुठाय?"

"कोण मर्व?"

"माझा नवरा. आज त्याला पुरायचंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आपण कसल्या गाडीत बसलोय! त्यांची खरी शववाहिका चर्चपासून पुढे निघून गेली होती, आणि आम्ही नेमके त्याच वेळी, दिवे लावून, गोगलगाईच्या चालीनं, मध्ये घुसलो होतो. मला इतकी लाज वाटली की त्या कड्यावरून गाडी सरळ खाली न्यावीशी वाटली. मी माफी मागायला लागले तर तिचं लक्षच नव्हतं. ती टेगनकडे बघत होती.

"ही आई?"

"हो."

"कधीपासून झोपली नाही?"

"आठ महिने."

म्हातारीनं आणखी अर्धी फेरी विचार केला. तिला आता धाप लागली होती. "मग थांबू नकोस, पोरी. मागच्या फाट्याला डावीकडे दफनभूमी आहे. तूच पुढे हो, आम्ही येतो मागून. मर्वला आता कुठे जायचंय?"

अशी ती अंत्ययात्रा मी दफनभूमीत नेली, मर्वशिवाय. मर्व फाटकाशी आमची वाट बघत होता. त्याच्या गाडीचा चालक पॅटिस खात उभा होता. आम्हाला बघून त्यानं पॅटिस मागे लपवला, आमच्या काचेतून आत पाहिलं, टेगनला बघून टोपी काढली आणि हळूच मला विचारलं, "यांचं दफन आमच्या आधी आहे का नंतर?"

गाडी थांबली आणि विल्फनं भोकाड पसरलं. पण म्हातारीनं, तिचं नाव ग्लेनिस, त्याला उचलून कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. नवऱ्याला माती देतानाही तो तिच्या कडेवर होता, तिचा कोट चघळत. टेगनला धड जागही आली नव्हती. ब्रोडीनं तिला मागच्या गादीवर आडवं केलं, माश्या त्रास देतील म्हणून विल्फचं पांढरं मलमलीचं दुपटं तिच्या तोंडावर घातलं, हवेसाठी मागचं दार उघडं ठेवलं. मग आम्ही दोघं शरमेनं शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिलो आणि नंतर सगळ्यांबरोबर शेजारच्या हॉलमध्ये सँडविच खायला गेलो.

परत येऊन बघतो तर टेगन गादीवर उठून बसलेली, मांडीवर फुलांचा गुच्छ, डोळ्यांना धार.

"काय झालं?" ब्रोडी धावला.

"एक म्हातारा आला होता," ती म्हणाली. "धुक्यात वाट चुकला म्हणे. फार उशीर झाला म्हणून माफी मागत होता. त्याला नीट दिसत नसावं. माझ्या पायाशी बसला, फुलं ठेवली आणि म्हणाला, 'तुला कधी कोणी सांगितलं नसेल, पण तू सगळ्यांसाठी फार केलंस. आता कोणासाठी उठायचं नाही. निवांत पड.'"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? पडून राहिले." तिनं नाक पुसलं. "आठ महिन्यांत इतकं चांगलं कोणी बोललं नाही रे माझ्याशी. मलाही राहवलं नाही. कपड्याखालूनच 'थँक्यू' म्हणाले."

"आणि तो?"

"तो गेला. त्या वयाच्या मानानं फारच भरभर गेला."

मी टेगनसाठी सँडविच आणायला हॉलमध्ये पळाले. दारातच एक म्हातारा खुर्चीवर बसवलेला, चेहरा पांढराफटक, दोघीजणी त्याला वारा घालत होत्या. "देवाशप्पथ सांगतो," तो म्हणत होता, "मर्व बोलला माझ्याशी. आवाज जरा बारीक झालाय, पण स्पष्ट म्हणाला, थँक्यू."

ग्लेनिसनं विल्फला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग तो मर्व नव्हे, क्लॅरी," ती म्हणाली. "मर्व मला उभ्या जन्मात कधी थँक्यू म्हणाला नाही."

माझ्यामागून आत आलेला ब्रोडी तिथेच दारात खिळून उभा राहिला. मग पुढे झाला, ग्लेनिसकडून विल्फला घेतलं, टेबलावरचं एक सँडविच उचललं आणि गाडीकडे जवळजवळ पळतच सुटला.