फाटकाच्या आतला रस्ता

थोरल्या मुलाची एक खोड मोठ्या बाईंना मुळीच खपत नसे. कामाचं बोलणं तो सगळ्यात शेवटी काढायचा! घराला आग लागली असती, तरी त्याने आधी "जेवलीस का?" विचारलं असतं! म्हणून बाई त्याचा फोन मध्येच ठेवून द्यायच्या. शेवटापर्यंत ऐकायला त्यांचे कान काही भाड्याने दिलेले नव्हते.

त्या दिवशीही जेवण, हवा, गुडघे सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आई, दुपारी ट्रक येईल. हमरस्ता खरवडलाय, त्यातलं जुनं डांबर आणि खडी आपल्या दारच्या वाटेवर टाकायचीय. मागोमाग रोलर येईल. आणि ऐक, आधी..."

"कळलं!" बाईंनी फोन ठेवला.

संध्याकाळी विहीणबाई येणार होत्या. मागच्या खेपेला त्यांची गाडी याच वाटेवर चिखलात रुतली, तेव्हा "खेड्यात असं चालायचंच," असं त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की बाईंना महिनाभर साखर कडू लागली. आज गाडी थेट पायरीला लागलीच पाहिजे!

ट्रक काळा ढीग ओतून निघून गेला नि मागोमाग रोलर आत आला. बाई रोलरवाल्याकडे वळल्या.

"हा तर कचरा! रस्ता कुठाय?"

"हाच रस्ता, मावशी. जुना आहे."

"लोकांनी तुडवलेला?"

"वीस वर्षं!"

"मग झिजला असेल की! नवा आण."

"दाबला की नव्यासारखाच होतो. उन्हात डांबर पुन्हा धरतं."

बाईंच्या डोक्यात काही शिरेना. पण दाबात ठेवलं की जुनं माणूससुद्धा सरळ होतं, हा घरचाच अनुभव होता. तेवढ्यात शेजारणीच्या शेळ्या आत डोकावल्या. बाईंनी फाटक लावून कडी घातली.

"मावशी, फाटक बंदच ठेवायचं?"

"तुला रस्ता करायला बोलावलंय, का फाटकाची चौकशी करायला? पार फाटकाला टेकेपर्यंत दाब! बोटभर जागा सोडलीस तर बघ!"

त्याने सोडली नाही.

पाचला हॉर्न वाजला. बाईंनी ऐटीत कडी काढून फाटक ओढलं. हूं नाही की चूं नाही! सूनबाईने ओढलं. रोलरवाल्याने ओढलं. फाटक उघडायचं आतल्या बाजूला, आणि रस्ता आलेला चार बोटं वर!

"मावशी," रोलरवाला रडवेला झाला, "मी घरी कसा जाऊ?"

गजांपलीकडे विहीणबाई गाडीतून उतरल्या. "अगंबाई! छान झालाय हो रस्ता. इथून स्पष्ट दिसतो!"

चहा गजांमधूनच द्यावा लागला. तुरुंगातल्या भेटीसारखा सगळा प्रकार. फक्त कैदी नेमकं कोण, हेच बाईंना उमगेना.

तेवढ्यात थोरला आला आणि फाटकाबाहेर कपाळाला हात लावून उभा राहिला. "आई! आधी फाटक बिजागऱ्यांतून काढून ठेव म्हटलं होतं ना?"

"कधी?"

"सांगतच होतो, तेवढ्यात तू फोन ठेवलास."

आत रोलरवाल्याने पहार उचलली नि नवाकोरा रस्ता उकरायला घेतला. विहीणबाई कपाच्या कडेवरून बघत होत्या. बाईंनी पदर खोचला आणि गजांतून बोट बाहेर काढलं.

"चूक तुझीच! इतक्या वर्षांत आई फोन कधी ठेवते, एवढंही कळू नये तुला?"